नाव बांधायची कुठे?

आपल्या यवतमाळला समुद्र नाही. समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसून मुंबई गाठावी लागते. तरीही यंदा आमच्या चार जणांच्या ग्रुपनं फायनल इयर प्रोजेक्टला नाव घेतली. नाव म्हणजे बोट! सिव्हिलच्या सरांना कालव्यातला गाळ मोजायला सपाट बुडाची छोटी नाव हवी होती. बारा फूट लांब, चार फूट रुंद, सोळा गेजचा पत्रा, आत अँगलची चौकट, बसायला दोन फळ्या आणि गाळात रोवायला खुणा केलेला एक रॉड. वजन दीडशे किलोच्या आसपास. कागदावर सगळं सोपं होतं. होस्टेलमध्ये मात्र त्या दिवसापासून आम्हाला नावाडी हेच नाव पडलं.

पहिलं भांडण डिझाइनवरून झालं नाही, जागेवरून झालं. नाव बांधायची कुठे? कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग आहे, बेंडिंग मशीन आहे, पण ते ठरावीक वेळेत उघडतं आणि कालवा तिथून तीस किलोमीटर. एमआयडीसीत भाड्यानं शेड घ्यावी तर खिशात पैसे नाहीत. कालव्याच्या काठावर बांधावी तर पाणी जवळ, पण लाइट नाही आणि रात्री पत्रा राखणार कोण? शेवटी सोपं म्हणून वर्कशॉप घेतलं. सप्टेंबरमध्ये काम सुरू झालं. बूड झालं, एक बाजू झाली आणि नोव्हेंबरमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा आल्या. जागा रिकामी करा, असा निरोप आला. चूक कुणाचीच नव्हती, पण आमची अर्धी नाव होस्टेलमागच्या कडुनिंबाखाली ताडपत्री पांघरून पडली. तिच्यावर कपडे वाळत पडू लागले.

तेव्हा ग्रुपमधल्या एकानं सुचवलं, की नागपूरहून रेडिमेड प्रोजेक्ट आणू. पैसे भरले की मॉडेल, रिपोर्ट, पीपीटी सगळं मिळतं. खरं सांगतो, मलाही ते पटायला लागलं होतं. त्याच आठवड्यात वर्कशॉपच्या सरांनी मला लायब्ररीत पाठवलं. वालचंद हिराचंद यांच्याबद्दल वाच, म्हणाले, आणि त्यांना जहाज बांधायला जागा कशी मिळाली तेवढं मला येऊन सांग. वालचंद हे नाव मला सांगलीच्या आणि सोलापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजमुळे माहीत होतं, तेही अॅडमिशनच्या कटऑफपुरतं. तो माणूस कोण होता, याचा पत्ता नव्हता. जे वाचलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळ गुजरातचं, जैन दोशी, पण सोलापुरात रुजलेलं. घरचा धंदा सावकारीचा आणि कापसाचा. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला लगेच समजेल असा! मुंबईला आणि पुण्याला कॉलेजचं शिक्षण झालं, पण डिग्री पूर्ण झाली नाही. घरच्या गादीवर बसले असते तर आयुष्य आरामात गेलं असतं. त्यांचं मन मात्र तिथं रमेना. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले आणि दोघांनी मिळून रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ही भागीदारी सुरू झाली. रूळ, पूल, इमारती, पुढे बोरघाटातले बोगदे, अशी कामं वाढत गेली. आजची हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी १९२६ मध्ये त्यांनीच सुरू केलेली.

कंत्राटदारीत माणूस एक गोष्ट लवकर शिकतो. काम जिथं आहे तिथं जाऊन तळ ठोकावा लागतो. खडी कुठून येईल, पाणी कुठून, मजूर कुठं राहतील, हे आधी ठरवावं लागतं. मला वाटतं, वालचंदांनी पुढे जे जे उभं केलं त्यात हा कंत्राटदार कायम जागा होता.

१९१९ साल. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. हिंदुस्थानचा सगळा माल इंग्रजी कंपन्यांच्या बोटींतून जायचा. त्याआधी १९०६ मध्ये तुतिकोरिनला चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी बोट कंपनी काढली होती. तिला इंग्रजी कंपनीनं भाडी पाडून पाडून बुडवलं. हे ताजं उदाहरण समोर असताना वालचंदांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मित्रांना बरोबर घेऊन एक जहाज विकत घेतलं. नाव लॉयल्टी. हे जहाज १८९१ चं, इंग्लंडमध्ये बांधलेलं, मूळ नाव एम्प्रेस ऑफ इंडिया. युद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ते घेऊन जखमी सैनिकांसाठी दवाखान्याचं जहाज म्हणून दिलं होतं. म्हणूनच नव्या कंपनीचं नाव पडलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. आजही ५ एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, तो याच प्रवासाच्या आठवणीनं.

इथपर्यंत वाचून छाती फुगते. पण पुढचं पानही वाचायला हवं. लॉयल्टी म्हातारं जहाज होतं. त्याच्यावर धंदा काही बसला नाही आणि १९२३ मध्ये ते मुंबईतच भंगारात गेलं. त्याच वर्षी कंपनीला इंग्रज कंपन्यांशी करार करावा लागला. सिंदियानं किनाऱ्यावरचाच धंदा करायचा, परदेशच्या मार्गावर जायचं नाही आणि जहाजं मिळून ७५००० टनांच्या वर न्यायची नाहीत. दहा वर्षांसाठी! वालचंदांना हा करार मनापासून मान्य नव्हता. पण भाड्याच्या लढाईत कंपनी टिकवायची तर सही करणं भाग होतं. कंपनी वाचली, हात बांधले गेले.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी वारले आणि वालचंद अध्यक्ष झाले. तोपर्यंत एक गोष्ट स्पष्ट झाली होती. जहाजावर मालकी आपली, पण जहाज बांधणारा कारखाना परक्याचा. नवं जहाज हवं तर विलायतेत ऑर्डर द्यायची आणि तिकडच्या सवडीनं मिळेल तेव्हा घ्यायचं. दुसऱ्या महायुद्धात तर तिकडच्या गोद्यांना स्वतःच्याच आरमाराचं काम पुरेना, तिथं आपल्याला कोण विचारतो? म्हणजे रेडिमेड आणायचं की स्वतः बांधायचं, हा आमच्या ग्रुपचा प्रश्न त्यांच्यापुढे फार मोठ्या आकारात उभा होता. त्यांनी स्वतः बांधायचं ठरवलं. आणि लगेच पुढचा प्रश्न आला : कुठे?

इथं थोडं तांत्रिक सांगतो, कारण सरांनी मला नेमकं हेच शोधायला पाठवलं होतं. जहाज संपूर्णपणे जमिनीवर तयार होत नाही. आधी पाण्याकडे उतरत्या चौथऱ्यावर त्याचा सांगाडा आणि अंग उभं करतात. अंग पाणी धरेनासं झालं की ते घसरवून पाण्यात सोडतात. मग धक्क्याला बांधून उरलेलं काम करतात. पाइप, वायरिंग, केबिन, डेकवरची यंत्रं असं कितीतरी. म्हणजे जागा एकच, पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी हव्यात. भार पेलणारी, उताराची जमीन हवी आणि तिला लागूनच खोल व शांत पाणी हवं. त्याशिवाय पोलाद आणायला रेल्वे, वीज, कुशल कामगार आणि वाढायला मोकळी जागा. यातलं एक जरी कमी पडलं तरी पुढे रोज त्रास.

मुंबई घरची. तिथं वाडिया घराण्यानं सागवानी जहाजं बांधली होती. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेलं ट्रिंकोमाली हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये जपून ठेवलेलं आहे. पण ते लाकडाचे दिवस होते. पोलादी जहाजाला लागणाऱ्या प्लेटा जमशेदपूरकडून येणार, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाहून. शिवाय मुंबईच्या बंदरात मोकळी जागा मिळणं कठीण. म्हणून वालचंदांची पहिली पसंती होती कलकत्ता. पोलाद जवळ, कोळसा जवळ, हुगळीच्या काठावर बोटींची दुरुस्ती करणारे कारखाने आणि तयार कारागीर. नदी भरती-ओहोटीची, गाळाची, तरी कागदावर सगळ्यात चांगली जागा तीच. पण जागा कलकत्ता पोर्ट कमिशनरांच्या ताब्यात. त्यांच्याशी बोलणी झाली आणि परवडतील अशा अटींवर जमीन काही मिळेना. उत्तम जागा नकाशावर दिसत होती, पण तिची किल्ली दुसऱ्याच्या हातात होती.

मग विशाखापट्टणम. तिथलं आतलं बंदर १९३३ मध्येच सुरू झालं होतं, म्हणजे नवंकोरं. डॉल्फिन्स नोज नावाचा डोंगर समुद्रात पुढे आलेला, त्याच्या आडोशाला आत शांत पाणी. मद्रास–हावडा रेल्वेमार्ग शेजारून जातो, त्यामुळे पोलाद येऊ शकतं. जमीन मोकळी. कमी काय? जहाज बांधणारा कामगार नाही, जवळ मोठे कारखाने नाहीत, वालचंदांचं ऑफिस मुंबईत. म्हणजे माणसं शिकवण्यापासून सुरुवात. पण इथं जमीन मिळत होती. वालचंदांनी विशाखापट्टणम घेतलं आणि २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते गोदीची पायाभरणी झाली.

यानंतर सगळं सुरळीत झालं असतं तर ही गोष्ट मला एवढी आवडली नसती. युद्ध चालू. यंत्रं विलायतेहून यायची, ती मिळेनात. सरकारला या कारखान्याची घाई नव्हती. ६ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. लोक शहर सोडून पळाले, काम बंद पडलं. विचार करा, हवी ती जागा मिळाली नाही म्हणून दुसरी घेतली, आणि त्या दुसऱ्या जागेवर बॉम्ब! इतर कुणी असता तर नाद सोडला असता. वालचंदांनी सोडला नाही. १९४६ मध्ये पहिल्या जहाजाचा कणा ठेवला गेला आणि १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते जलउषा पाण्यात उतरलं. आठ हजार टनांचं. स्वतंत्र भारतात बांधून पाण्यात सोडलेलं हे पहिलं मोठं पोलादी जहाज. पायाभरणीपासून मोजलं तर जवळजवळ सात वर्षं. आम्ही सात आठवड्यांत कंटाळलो होतो!

जागेचं हे कोडं त्यांनी आणखी दोनदा सोडवलं होतं. विमानाचा कारखाना काढायचा होता तेव्हा म्हैसूर संस्थान पुढे आलं. त्यांनी जमीन दिली, भांडवलातही वाटा घेतला. म्हणून डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट बंगलोरला निघाली. आज ज्याला आपण एचएएल म्हणतो आणि जिथं प्लेसमेंट मिळावी म्हणून आपण गेटचा अभ्यास करतो, तिची सुरुवात ही. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कळंबला (आपल्या जिल्ह्यातलं चिंतामणीचं कळंब वेगळं) त्यांनी माळरानावर नीरेच्या कालव्याचं पाणी आणि ऊस यांच्या भरवशावर साखर कारखाना काढला. तेच आजचं वालचंदनगर. मोटारींसाठी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून पद्मिनी गाड्या कितीतरी वर्षं धावल्या, त्या याच कंपनीच्या.

ते काही संत नव्हते. एकीकडे इंग्रज सरकारशी भांडायचे आणि दुसरीकडे त्याच सरकारकडे ऑर्डरी मागायचे. विमान कारखाना युद्धाच्या ऑर्डरीशिवाय उभाच राहिला नसता. एका वेळी इतके उद्योग काढायचे की पैशाची ओढाताण कायमची. शिवाय जे उभं केलं ते हातात राहिलंच असं नाही. विमान कारखान्यातला त्यांचा हिस्सा सरकारनं १९४२ मध्येच घेतला. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, १९५० मध्ये ते सिंदियाच्या अध्यक्षपदावरून उतरले. १९५२ मध्ये गोदी हिंदुस्तान शिपयार्ड या सरकारी कंपनीकडे गेली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूर इथं वालचंद वारले. सिंदियाची जहाजंही आता समुद्रावर दिसत नाहीत. पण विशाखापट्टणमची गोदी आहे. २०१० पासून ती संरक्षण मंत्रालयाकडे आहे आणि तिथं आजही काम चालतं. मालक बदलले, कंपनी गेली, जागा मात्र बरोबर निवडलेली होती.

मी हे सगळं सरांना जाऊन सांगितलं. सरांनी एवढंच विचारलं, की वालचंदांना सर्वात चांगली जागा मिळाली का? मी म्हटलं, नाही. मग त्यांनी आमच्या नावेचं पुढे काय, असं विचारलं. मी गप्प.

त्या रविवारी आम्ही चौघं मोटारसायकली घेऊन बाभूळगावच्या बाजूला बेंबळ्याच्या कालव्यावर गेलो. रेडिमेडवाला मित्रही आला, तोंड वाकडं करून का होईना. कालव्यापासून हाकेच्या अंतरावर एका काकाजींचा गोठा होता. ढोरं विकून झालेली, गोठा रिकामा. वर टिनं, खाली दगडी फरशी. आम्ही काय करतो ते ऐकून काकाजींना आधी हसू आलं. यवतमाळचे पोट्टे आणि नाव! मग त्यांनी गोठ्याची किल्ली आमच्या हातात दिली. भाडं काही सांगितलं नाही, फक्त जाताना त्यांच्या बंडीचं तुटलेलं लोखंड जोडून द्यायचं ठरलं.

जागा आदर्श नव्हती. शेतीची लाइन कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीच्या आठवड्यात आम्ही थंडीत कुडकुडत वेल्डिंग केलं. व्होल्टेज पडलं की रॉड चिकटायचा. सुरी, पान्हा विसरला की तीस किलोमीटर परत. पण कालवा समोर होता आणि कुणी जागा खाली करा म्हणणारं नव्हतं. रब्बीची पाणीपाळी संपायच्या आत नाव उतरवायची होती, नाहीतर कोरड्या कालव्यात गाळ मोजायला फावडं पुरलं असतं! फेब्रुवारीत आठ जणांनी उचलून नाव पाण्यात ठेवली. मागच्या कोपऱ्यातल्या एका जोडातून पाणी आत आलं. नाव पुन्हा काठावर, पुन्हा वेल्डिंग, पुन्हा पाण्यात. दुसऱ्यांदा ती कोरडी राहिली. दोन्ही काठांवरून दोर धरून आम्ही तिला हळूहळू पुढे नेलं आणि रेडिमेडवाल्या मित्रानं रॉड रोवून पहिलं रीडिंग घेतलं. ते लिहून घेताना त्याचा हात थरथरत होता, थंडीनं असं तो म्हणतो.

वायवाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, की हे वर्कशॉपमध्ये का नाही केलं? आम्ही चौघं एकमेकांकडे बघून हसलो. मग त्यांना गोठ्याची गोष्ट सांगितली.

मित्रांनो, पुढच्या वर्षी तुमच्यापैकी कुणी असं काही हातात घेतलं, तर जागेचा विचार पहिल्या दिवशी करा. चांगली जागा बघा, पण ती शेवटपर्यंत तुमच्याकडे राहील का तेही विचारा. आणि तशी नाहीच मिळाली तर मिळेल तिथं सुरू करा, विकत मात्र आणू नका. नाव सध्या काकाजींच्या गोठ्यातच आहे. ज्युनिअर्सपैकी कुणाला हवी असेल तर किल्ली मागून घ्या. बंडीचं लोखंड आम्ही जोडून दिलंय.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी